दीड मिनिटाची वाट

चिठ्ठी पेन्सिलीने लिहिलेली होती, वहीच्या फाडलेल्या पानावर. ‘पडदा काळा. खाली इंग्रजीत काहीतरी येतं आणि तिथेच थांबतं. दाखलनोंदीच्या वह्या भिजल्या. तू ये, नाहीतर मशीन पाठवते.’ खाली ग्रंथपाल बाईंची सही आणि तारीख, २० मे २०२१. मोबाइलचे टॉवर बंद पडल्यापासून मला कुणाचाही आलेला हा पहिला निरोप. चिठ्ठी आणणारा त्यांचा भाचा मोटरसायकलच्या मागच्या सीटवर सीपीयूचा डबा सुतळीने बांधूनच आला होता. म्हणजे ‘तू ये’ हे नुसतं रीत म्हणून लिहिलेलं.

१६ मेच्या रविवारी तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेलं. नाव म्यानमारने दिलेलं, अर्थ पाल. भिंतीवरची पाल शेपूट टाकून पळते. ही पाल आमचे माड, आंबे, विजेचे खांब आणि घरांची कौलं टाकून गेली. दुसऱ्या दिवशी रात्री ती गुजरातच्या किनाऱ्यावर चढली, तोवर आम्ही अंगणातल्या फांद्या तोडून रस्त्यापर्यंत वाट करत होतो. मालवणहून आचऱ्याकडे जाताना, कोळंबची खाडी ओलांडल्यावर पुढे एका गावात बाईंचं वाचनालय आहे. नाव सांगत नाही. बाईंना आवडणार नाही. छपराचा एक कोपरा उघडा पडला आणि नेमका तो नोंदवह्यांच्या टेबलावरचा. पुस्तकांची कपाटं समोरच्या भिंतीला होती, ती वाचली. वह्यांची मात्र निळी शाई पानभर पसरली. कुठलं पुस्तक कोणत्या दाखल क्रमांकाचं, कधी आलं, देणगीचं की विकतचं, हे आता एकाच जागी होतं, आणि ती जागा माझ्या दुकानाच्या पायरीवर सुतळीत बांधून ठेवलेली होती.

ते मशीन मीच २०१९मध्ये लावून दिलं होतं. त्यावर डेबियन लिनक्स आणि कोहा. कोहा ही वाचनालयासाठीची फुकट आणि खुली प्रणाली. न्यूझीलंडमधल्या एका लहानशा ग्रंथालय संस्थेसाठी ती १९९९मध्ये लिहिली गेली आणि २०००च्या जानेवारीत वापरात आली. नाव माओरी भाषेतलं, अर्थ भेट. बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “म्हणजे आपला आहेर.” त्या आहेरात त्यांनी पुढची दोन वर्षं रोज संध्याकाळी दोन-दोन तास बसून एकेक पुस्तक भरलं. टायपिंग दोन बोटांनी, पण शुद्धलेखनाची एक चूक नाही.

“फॉरमॅट मारूया काय?” भाच्याने विचारलं. “विंडोजची पेनड्राइव्ह माझ्याकडे आसा.”

त्याला मी हसलो नाही. हा प्रश्न मी स्वतः आयुष्यातली पाच-सहा वर्षं गिऱ्हाइकांना विचारत आलोय. आमच्या धंद्यात फॉरमॅट हा विहीर उपसण्यासारखा उपाय आहे: आत काय पडलं ते बघायचं नाही, सगळं पाणी काढायचं आणि नवं भरू द्यायचं. गिऱ्हाइकाला मशीन सुरू झालेलं दिसतं, आपल्याला पैसे दिसतात. काय होतं आणि काय गेलं याचा हिशेब दोघंही मांडत नाहीत. लिनक्सकडे मी वळलो तो काही मोठ्या तत्त्वासाठी नव्हे. उबुंटूवाले तेव्हा मागेल त्याला पोस्टाने फुकट सीडी पाठवत. २००८मध्ये मीही एक मागवली. परदेशी तिकिटाचं पाकीट बघून पोस्टमन दारात थांबला आणि ‘उघड बघू’ म्हणाला. आत नारिंगी-तपकिरी वेष्टनातली सीडी. ती मशीनमध्ये घातली की डिस्कला हात न लावता अख्खी प्रणाली चालू व्हायची, हे मला जादूसारखं वाटलं. बंद पडलेल्या मशीनमध्ये शिरून, काही न पुसता, आत कंदील लावून बघता येत होतं.

तर डबा उघडला. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर लोखंडाचं जे होतं तेच झालं होतं. स्क्रूच्या डोक्यांना तांबेरा, रॅमच्या पट्टीवर काळसर थर. खोडरबरने पट्टी घासली. मदरबोर्डावरचा नाण्याएवढा सेल मेला होता, तो बदलला. तो सेल हा माझ्या दुकानातला सगळ्यात जास्त खपणारा माल आहे, पेनड्राइव्हपेक्षाही. पण वीज कुठे होती? आमच्या आळीत ती आणखी काही दिवस येणार नव्हती.

वीज होती मंडप-डेकोरेशनवाल्याकडे. करोनामुळे लग्नं मोजक्या माणसांत उरकत होती, त्यामुळे त्याचा जनरेटर वर्षभर पत्र्याच्या शेडमध्ये बसून होता. वादळानंतर तो रोज संध्याकाळी दोन तास चालवायचा आणि वाडीतले सगळे मोबाइल एका लांब फळीवर ओळीने चार्जिंगला लागायचे, वाळत घातलेल्या बांगड्यांसारखे. पैसे घेत नव्हता, पेट्रोल ज्याने त्याने आणायचं. मी दोन लिटर घेऊन गेलो, मध्ये यूपीएस लावला, कारण जनरेटरचा दाब कधी चढे कधी उतरे. तो यूपीएस शेवटपर्यंत ओरडत राहिला.

मशीन लावलं. पांढऱ्या अक्षरांत काही ओळी सरकल्या आणि थांबल्या. शेवटी कंसात इनिटरामएफएस असा शब्द आणि लुकलुकणारी एक रेघ.

लिनक्स उठतो कसा, हे भाच्याला सांगायला मला दशावतार बरा पडला. मुख्य आख्यान सुरू व्हायच्या आधी आड दशावतार होतो. गणपती येतो, सरस्वती येते, काळ्या कपड्यांतला संकासुर येऊन मालवणीत टिंगल करतो, हे सगळं झालं की मग राजा-राक्षसांचं खरं नाटक. मशीनमध्येही तसंच. आधी बोर्डावरचा प्रोग्रॅम जागा होतो, तो ग्रबला हाक मारतो, ग्रब डिस्कवरून कर्नल उचलतो, आणि सोबत एक छोटी तात्पुरती फाइलव्यवस्था मेमरीत मांडतो. तीच इनिटरामएफएस. तिचं काम एवढंच की खरी डिस्क शोधायची, तपासायची, उघडायची आणि रंगमंच सोडायचा. आमचं नाटक आड दशावतारातच अडकलं होतं. संकासुर उभा होता आणि जायला तयार नव्हता.

“पण तो बोलता काय?” भाच्याने विचारलं.

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. कंसाच्या वरची ओळ वाचली. मूळ विभागात अनपेक्षित विसंगती सापडली आहे, एफएससीके, म्हणजे डिस्कची तपासणी, स्वतःच्या हाताने चालवा, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं होतं. वादळात वीज गेली तेव्हा मशीन काहीतरी लिहीत होतं, ते अर्धं राहिलं. ईएक्सटी४ ही फाइलव्यवस्था काय बदलणार आहे याची आधी एका रोजनाम्यात नोंद करते, त्यामुळे अशी अर्धवट कामं ती बहुतेक वेळा स्वतःच निस्तरते. पण ज्या जागी दोनपैकी एक निवडावं लागतं तिथे ती माणसाला विचारायला थांबते. म्हणजे मशीन बिघडलेलं नव्हतं. ते परवानगी मागत होतं.

एक आज्ञा टाइप केली असती की काम झालं असतं. माझी बोटं कीबोर्डवर होती. मी मशीन बंद केलं.

यामागे २०१२ सालची एक डिस्क आहे. कणकवलीच्या एका फोटोग्राफर मित्राचं मशीन असंच अडकलं होतं, असाच मजकूर होता. डिस्क मधूनमधून टिक्-टिक् करत होती. ते मी ऐकलं होतं, आणि तरीही एफएससीके चालवला, सगळ्या प्रश्नांना आपोआप ‘हो’ म्हणण्याचा पर्याय लावून, आणि चहाला गेलो. परत आलो तोवर डिस्कचा आवाज थांबला होता. मरणाऱ्या डिस्कवर तपासणी चालवणं म्हणजे धाप लागलेल्या माणसाला घाट चढायला लावणं. आधी जेवढं वाचता येतं तेवढं दुसरीकडे उतरवून घ्यायचं आणि मग प्रतीवर औषधोपचार करायचे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं असं नाही. चहाची वेळ झाली होती. सहा लग्नांचे फोटो होते, दोन लग्नांचे वाचले. मित्र अजूनही मशीन माझ्याकडेच आणतो, पण येताना डिस्कच्या दोन प्रती स्वतः काढून घरी ठेवून येतो. मला तसं सांगतोही.

म्हणून आता पेनड्राइव्हवरून सिस्टमरेस्क्यू चालू केलं. बिघडलेल्या मशीनसाठीच बनवलेली ही लिनक्स, कंदिलाची नवी आवृत्ती. आधी डिस्कचीच प्रकृती विचारली. डिस्क स्वतःच्या आजाराची नोंद स्वतःच ठेवते. किती खराब जागा बदलून घेतल्या, किती जागा वाचता येत नाहीत म्हणून प्रलंबित आहेत. दोन्हीकडे शून्य. तरीही डीडीरेस्क्यूने ४० जीबीचा तो अख्खा विभाग माझ्या बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतला. पंचवीस मिनिटं. फळीवरच्या मोबाइलवाल्यांपैकी दोघंतिघं येऊन बघून गेले आणि ‘काही हलत नाही’ म्हणून परत गेले. भाच्याची चुळबुळ चालू होती. यूपीएस ओरडत होता.

प्रत हातात आल्यावर मग मूळ विभागावर एफएससीके, आणि एकेका प्रश्नाला वाचून उत्तर. पहिलीच तक्रार गमतीची: डिस्क शेवटची उघडल्याची तारीख भविष्यातली आहे. सेल मेल्यामुळे मशीनचं घड्याळ जुन्या कुठल्यातरी १ जानेवारीला जाऊन बसलं होतं, नवा सेल घातला पण घड्याळ लावायचं मी विसरलो. मशीनच्या दृष्टीने तौक्ते अजून यायचं होतं. पुढे पाच फेऱ्या झाल्या. कुठल्या फाइलचे तुकडे कुठे आहेत, कुठल्या फोल्डरला आईबाप नाहीत, मोजदाद जुळते का. ज्या तुकड्यांचं नाव हरवलं होतं ते चार तुकडे ‘हरवलं-सापडलं’ नावाच्या फोल्डरमध्ये नंबर लावून ठेवले गेले. उघडून बघितले, नोंदींच्या जुन्या लॉगचे होते. बाईंचं एकही पुस्तक त्यात नव्हतं.

“अर्धो तास आसा, मगे बंद,” मंडपवाल्याने सांगितलं.

मशीन पुन्हा लावलं. संकासुर गेला. ओळी भराभर हिरव्या होत खाली उतरू लागल्या, आणि भाचा टाळी वाजवणार एवढ्यात थांबल्या. खाली तीन लाल चांदण्या डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. अमुक डिस्कची वाट बघणं चालू आहे, चौदा सेकंद, एकूण मर्यादा दीड मिनिट. हे सिस्टमडीचं काम. आख्यान सुरू झाल्यावर कोणी कधी रंगमंचावर यायचं ते तोच ठरवतो. त्याच्या यादीत एक पात्र होतं आणि ते आलं नव्हतं. दीड मिनिट म्हणजे काही नाही. मालवणच्या बाजारात सुरमईचा भाव ठरायलाही त्याहून जास्त लागतं. पण त्या शेडमध्ये ते लांबलं. नव्वद झाले आणि मशीन म्हणालं, आपण आणीबाणीच्या अवस्थेत आहात, देखभालीसाठी रूटचा पासवर्ड द्या. पासवर्ड बाईंकडे. डिस्कची ओळख सांगणारी बत्तीस आकड्या-अक्षरांची लांबलचक माळ पडद्यावर होती, तिची शेवटची चार अक्षरं मी तळहातावर पेनाने लिहिली. मग जनरेटर ठसकला आणि सगळीकडे काळोख झाला. फळीवरचे मोबाइल तेवढे चमकत राहिले.

रात्री घरी कंदिलाच्या उजेडात मी तळहात बघत बसलो. एरवी असली ओळ दिसली की आपण ती जशीच्या तशी शोधयंत्रात टाकतो, आणि जगात कुणालातरी आधी झालेला बिघाड आणि त्यावर कुणीतरी सुचवलेली आज्ञा शोधून, न वाचता चिकटवतो. माझीही सवय तीच. त्या आठवड्यात इंटरनेट नव्हतं. त्यामुळे मशीन काय म्हणतंय एवढंच माझ्याकडे होतं, आणि ते म्हणत होतं की मी एका डिस्कची वाट बघतोय. डब्यात तर एकच डिस्क होती. मग दुसरी कुठली?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई स्वतः आल्या. पासवर्ड २०१९च्या कालनिर्णयच्या एका पानामागे लिहिलेला होता, ते पान घडी करून पर्समध्ये. पासवर्ड दिला, आत शिरलो. एफएसटॅब नावाची एक छोटी फाइल असते. मशीन उठताना कोणती डिस्क कुठे जोडायची याची ती यादी. उघडली. तीन ओळी. तिसऱ्या ओळीच्या माळेची शेवटची चार अक्षरं माझ्या तळहातावर पुसट झालेली होती तीच. वर हॅशच्या खुणेपुढे एक टीप: रोज रात्रीची प्रत इथे. टीप मी लिहिली होती. ओळही मीच.

“बाई,” मी विचारलं, “मशीनला मागून एक काळी डिस्क जोडलेली होती, वायरवाली. ती कुठे गेली?”

“ही?” त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक स्टीलचा डबा काढला. डब्यात तांदूळ, तांदळात डिस्क. “वादळ येणार म्हणून बातम्यांत सांगितलं ना. शनिवारीच घरी नेली. तूच म्हणालेलास, काहीही झालं तरी ही जपायची.”

मी म्हणालो होतो. आणि ती यादी लिहिताना मशीनला असंही सांगून ठेवलं होतं की ही डिस्क आल्याशिवाय उठायचं नाही. एक शब्द लिहायचा राहिला होता. नोफेल. तो असता तर डिस्क नाही म्हटल्यावर मशीन पुढे गेलं असतं. आळस म्हणून नाही राहिला. लावताना डिस्क समोर होती, वायर जोडलेली होती, ती कधी नसेल असं माझ्या डोक्यात आलंच नाही. बाईंनी जे करायला हवं तेच केलं, त्याची शिक्षा माझ्या ओळीने दिली.

त्याहून लाजिरवाणी गोष्ट दुसरी. ‘प्रत कुठे आहे’ हा असल्या कामातला पहिला प्रश्न. आदल्या दिवशी मी खोडरबर घासला, सेल बदलला, डिस्कची प्रकृती विचारली, दशावतार सांगितला, ४० जीबी उतरवून घेतले. तो प्रश्न भाच्याला विचारला नाही. विचारला असता तर बहुधा त्याने सांगितलं असतं, मावशीने कायतरी तांदळात ठेवलंय. त्या डिस्कवर सगळ्या पुस्तकांची १४ मेच्या रात्रीपर्यंतची प्रत होती. मशीन चुलीत घातलं असतं तरी चाललं असतं, मग भाच्याचं फॉरमॅटही चाललं असतं.

डिस्क मुद्दाम जोडली नाही. ओळीत नोफेल घातलं, वाट बघायची मर्यादा दहा सेकंद केली, फाइल जतन केली आणि मशीन परत लावलं. दहा सेकंदांनी एक पिवळी ओळ येऊन गेली आणि लॉगिनचा पडदा आला. डेटाबेस मारियाडीबी होता. तोही वीज गेली तेव्हाचं आपलं अर्धवट काम निस्तरून उभा राहिला.

बाईंनी कोहा उघडून शोधाच्या चौकटीत ‘खानोलकर’ टाइप केलं. एक बोट, दुसरं बोट. शून्य पुस्तकं. पुन्हा केलं, शून्य. वेंगुर्ल्याजवळच्या बागलांच्या राईत जन्मलेला लेखक सिंधुदुर्गातल्या वाचनालयात सापडत नाही म्हटल्यावर बाईंचा चेहरा पडला तो अजून आठवतो. पण ही भीती खोटी होती. कोहा पुस्तकं एका जागी ठेवतो आणि शोधायची सूची दुसरीकडे. सूचीचं नाव झेब्रा. ती सूची तेवढी मोडली होती. नव्याने बांधायला सांगितलं. वीस मिनिटं लागली. तोवर मंडपवाल्याच्या बायकोने चहा आणला, आणि या वेळी मी मशीनसमोर बसूनच प्यायलो. मग बाईंनी परत तेच नाव टाकलं आणि यादी आली, दाखल क्रमांकांसकट. त्यांनी ती वरून खाली बोट फिरवत मोजली. मग भाच्याला म्हणाल्या, भिजलेल्या वह्या फेकू नकोस, उन्हात घाल. मशीन असलं तरी वह्या लागतातच.

पुढच्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात बाईंचा फोन आला. पाऊस नुकता लागला होता.

“मशीन सुरू होताना ती पिवळी ओळ येते रे.”

मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, “ते मला माहीत आहे, डिस्क माझ्याकडे तांदळात आहे. पावसाचे चार महिने ती तिथेच राहणार. फोन केला तो प्रिंटरसाठी. कागद घेतो आणि नुसता गुरगुरतो.”

प्रिंटरसाठी मात्र मला जावंच लागलं. तो काही लिहून दाखवत नाही.